माझं मडकं उषाने धरावं

मी पुंजाराम भुजंगराव सोनुने, वय सत्तरच्या वर, शिक्षण चौथीपर्यंत, राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर हललेलं दिसेल, ते वयामुळे. त्याचा पुढे कोणी वेगळा अर्थ काढू नये.

१. राहतं घर, भांडीकुंडी आणि विहिरीचं शेत माझी मुलगी उषाबाई, जी अंबडला दिलेली आहे, तिला द्यावं. दुसरं मूल आता नाही.

२. ओढ्याकाठचा तुकडा, तिफण व वखर पुतण्या रामकिसन यास. मात्र त्याला अट आहे, ती कलम चारमध्ये आहे. ती वाचल्याशिवाय त्याने तुकड्यात औत घालू नये.

३. मुलगा वसंता किडनीच्या आजाराने मागच्या पौषात वारला. त्याचा कॉम्प्युटर उषाने न्यावा. विकू नये, आतलं काही पुसू नये. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून मी तो पेटीवर उचलून ठेवला आहे. त्यात एक खेळ आहे. बर्फाचं रान, राक्षस, असं. वसंताने त्यात जादू करणारी एक बाई घेतली आणि तिला बहिणीचं नाव दिलं. ती लाकडांपुढे हात धरून काही पुटपुटते आणि विस्तव पेटतो. शेवटी शेवटी तो अंथरुणावर बसून तेवढंच करायचा.

मी विचारायचो, "काय करून राह्यला रे?"

"चूल पेटवून राह्यलो, तात्या."

"मंग चहा टाक."

हसायचा. एकदा मी म्हणालो, "या मंत्रानं राक्षस मरतो का?"

"न्हाई. लई बारका मंत्र हाय. नुसती थंडी जाती."

"बाई कशाला घेतली मंग? गडी घ्यायचा."

"तात्या, आपल्या घरी रोज विस्तव कोण करतं?"

त्याची आई झुंबरबाई होती तोवर तिने केला, पुढे उषाने. मी नुसता शेकत बसलो.

४. वसंताच्या तिरडीपुढे विस्तवाचं मडकं मी धरलं. बापावर ती वेळ येऊ नये, पण आली. स्मशानात वारा होता. माझ्या हाताने गवत पेटेना. रामकिसनने ते गवत हातातून ओढलं. चारचौघांत म्हणाला, "सरका काका. तुमच्या टायमालाबी मलाच करायचंय." हे मी विसरलो नाही. उषा तेव्हा घरी उंबऱ्याच्या आत उभी होती. बायांनी यायचं नसतं म्हणून.

मडकं धरील त्याचा शेतावर हक्क, असं गावात समजतात. मला त्याचाच घोर आहे. म्हणून स्पष्ट लिहितो. माझं मडकं उषाने धरावं, अग्नी तिनेच द्यावा. रामकिसन आडवा आला तर ओढ्याचा तुकडाही उषाचा. आला नाही तर तुकडा त्याचा, आणि माझा रागही संपला.

५. उषा म्हणते, "तात्या, लोक नावं ठेवतील. माझ्याच्यानं व्हईल का?" बाई, घाबरू नको. वारा असला तर चुलीपुढे बसतेस तशी पाठ देऊन बस. राक्षसाचं काही होणार नाही. नुसती थंडी जाईल.

साक्षीदार मुद्दाम भावकीबाहेरचे घेतले आहेत. दोघांना वाचून दाखवलं.

साक्षीदार:
साहेबराव गणपत देठे (सही)
द्वारकाबाई साळवे (डाव्या हाताचा अंगठा)

पुंजाराम भुजंगराव सोनुने (सही)
मुक्काम पिंपळगाव रेणुकाई, जिल्हा जालना
११ नोव्हेंबर २००४