पाल नसलेल्या घरातली टकटक

रेडमंड, अमेरिका,
शनिवार

प्रिय मीना,

फोनवर तू "अप्पा, जेवलात का" विचारतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. शिवाय राजेश शेजारीच असतो. म्हणून हे कागदावर. शेजारचा सिद्धेश नागपूरला निघालाय, त्याच्याजवळ देतो. सातवी शिकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

इथे पाऊस थांबत नाही. धड पडतही नाही, ओल्या फडक्यासारखा नुसता लोंबतो. माझं मन लागत नाही. शेगडी बंद आहे का बघतो, मग दार, मग परत शेगडी. नेत्रा म्हणते, "अप्पा, बसा हो जरा, शेगडी कुठे पळून जात नाही." सून गुणाची आहे, पण बसवतच नाही त्याला काय करू?

मध्यंतरी माझ्या खोलीत टकटक सुरू झाली. टक, टक, थोडं थांबून पुन्हा टक. मला वाटलं पाल. मी तेव्हा तुझा आणि राजेशचाच विचार करत होतो, संक्रांतीपर्यंत तरी ही दोघं भावंडं बोलतील का म्हणून, आणि नेमकी तेव्हाच चुकचुकली, म्हणजे मनातलं खरं होणार. मी जमिनीवर बोट वाजवून कृष्ण कृष्ण म्हटलं. बरं वाटलं गं. आन्या दारातून हसली, "आजोबा, वी डोन्ट हॅव लिझर्ड्स हिअर." मी म्हटलं, तुला काय कळतंय? पुढे रोज टकटक झाली की मी रोज बोट वाजवायचो.

ती पाल नव्हती. टेबलावरचा काळा लॅपटॉप होता. आई गेल्यावर राजेशने इकडे आणला तोच. तिचे फोटो, मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर म्हटलेली भुलाबाईची गाणी, सगळं त्यातच. तू कॉपी मागायचीस, तो करतो करतो म्हणायचा. शेवटी "दादा, तुझं ते करतो आता नको मला" म्हणून तू त्याचा फोन ठेवलास, तो ठेवलासच.

एके दिवशी पडदा काळा झाला. राजेश चालू करायचा, टकटक व्हायची, बंद करायचा, परत चालू. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यातली डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली. नेत्रा मटार काढायला गेली तर हातात ती. "हिची उसळ करू का?" म्हणाली. कुणी हसलं नाही.

मग दुरुस्तीवाल्यांकडे पाठवली. त्यांनी सांगितलं, आतली तबकडी फिरते, तिच्यावरून वाचणारी सुई मोडलीय, आणि चालू कराल तेवढ्या वेळा ती तबकडीवर ओरखडे काढते. फ्रीजरचं ऐकून तर ते रागावलेच. डिस्क परत येईपर्यंत राजेश धड जेवला नाही. रात्रंदिवस ऑफिसात असल्या यंत्रांशीच खेळणारा तुझा भाऊ, आणि मला विचारतो, "अप्पा, मिळेल ना हो?"

बरंचसं मिळालं. पण नावं गेली. कुठला फोटो कधीचा, कुठलं गाणं कुठलं, काही लिहिलेलं नाही, नुसते आकडे. राजेश ऑफिसातून आला की एकेक उघडत बसतो. परवा एक गाणं लागलं. आठ-दहा बायका एका सुरात गातायत, मधे टाळ्या. त्याने ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अप्पा, यातली आई कोणती?"

मीना, मला सांगता आलं नाही. बायकांच्या गाण्यात आम्ही पुरुष कधी बसलो? एकदा वाटतं हा आवाज तिचा, पुन्हा ऐकलं की वाटतं तो दुसरा. तेव्हापासून जिवाला चैन नाही. तू तिच्या मांडीला मांडी लावून बसायचीस, तू लगेच ओळखशील. राजेश स्वतः फोन करणार नाही, कोणत्या तोंडाने करू म्हणतो. आणि त्याने तुला सांगू नका म्हटलंय तेही सांगतो: लॅपटॉप बंद पडला तेव्हा तुझ्यासाठी कॉपीच चालली होती, माझ्या खोलीत, रोज थोडी थोडी. तूच त्याला फोन कर. गाणं ऐक, आणि त्याला त्याची आई दाखव. पाल नव्हती ते कळलंय मला. पण कृष्ण कृष्ण तर म्हणून झालंय.

तुझाच,
अप्पा