गुलाबी रुमालांची भिशी

जोहान्सबर्ग,
डिसेंबरचा पहिला रविवार

आदरणीय मामा,

इथूनच टोपी काढून नमस्कार. आई, मामी, तुमचा गुडघा आणि गाई कशा आहेत? (गाईंचं आधी विचारायला हवं होतं, रागावू नका.) मी टायरचं दुकान सोडून आता विटांच्या कारखान्यात आहे. तोही सोडेन म्हणू नका, टिकलोय.

मागच्या नाताळात मी चकचकीत बूट आणि पेटीएवढा रेडिओ घेऊन आलो, आणि जानेवारीत आईला तुमच्याकडून मक्याचं पीठ आणावं लागलं. तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात, "भाच्याला सांग, रेडिओ शिजव." ते कानातून गेलेलं नाही. यंदा तसं होणार नाही, कारण मी भिशीत आहे.

भिशी मालिनेओ मावशींची. मी त्यांच्याच घरामागच्या खोलीत भाड्याने राहतो. त्या मूळच्या आपल्याकडच्या, माफेटेंगच्या; शाळेच्या फाटकाशी तळलेले गोळे विकतात. (लिनेओ ही त्यांची थोरली. बरी आहे.) अकरा बायका वर्षभर थोडे थोडे पैसे घालतात आणि डिसेंबरात सगळ्यांचा किराणा एकदम, घाऊक भावात उचलतात. बाकीचं शहर बोनस हातात पडला की दुकानात धावतं. मावशी म्हणतात, डिसेंबर सगळ्यांचा असतो, जानेवारी ज्याचा त्याचा. मामा, हे वाक्य चर्चमध्ये वाचण्यासारखं आहे. मी बारावा. पुरुष एकटाच. माझी अक्कल बघून नाही, खांदे बघून घेतलं.

काल खरेदी होती. सगळ्यांच्या डोक्याला गुलाबी रुमाल, माझ्या गळ्यात. होलसेल दुकानाचं दार उघडलं आणि दारातच टीव्ही स्वस्तात लावलेले. मी नुसता हात लावायला थांबलो. (नुसता हात, आईशपथ.) मान वर केली तर पुढे गुलाबी रुमाल चाललेले. गेलो मागे. त्यांच्या ट्रकवर पिठाच्या तेवीस गोण्या चढवल्या. त्यांनी मला कोंबडीची तंगडी दिली, बाळा म्हटलं. आपल्या बायका मला कधी बाळा म्हणत नाहीत, तिथेच संशय यायला हवा होता. पण तंगडी चांगली होती. ती भिशी शहराच्या दुसऱ्या टोकाची निघाली. कापडवाला एकच, रुमालही एकच.

मालिनेओ मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मोलेफी, गुलाबी दिसलं की आई म्हणतोस का रे?" दोन्हीकडच्या बायका हसून हसून गोण्यांवर बसल्या. मला वाटलं, भिशीतून गेलो, आणि आईचा जानेवारीही गेला.

पण मावशींचं डोकं बघा. त्यांनी तिकडच्या पुढारीण बाईंचा हात धरला आणि दोघी थेट मॅनेजरसमोर. आता आम्ही बारा घरं नाही, तीस घरं, बोला भाव. आधी त्याच्या मुलांची चौकशी, मग मागच्या अंगणात तेलाचे डबे फार साचलेत का, अशी सहज काळजी. (ते डबे त्यांनी सकाळीच मोजले होते.) त्याने चष्मा तीनदा पुसला आणि भाव उतरवला, वर घरटी एक बिस्किटांचा डबा. समोरच्याच्या कोठारात काय आहे ते कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. असं माणूस मी पाहिलं नाही.

परतताना ट्रकमध्ये गोण्यांवर बसून मावशींनी घरची फार मायेने विचारपूस केली. तुमची, गुडघ्याची, गाईंची. मी सगळं सांगितलं, रंगांसकट.

तेव्हा तेवीस तारखेच्या बसने येतोय. पिठाच्या दोन गोण्या, तेल, साखर, साबण, माशांचे डबे. रेडिओ नाही. थांब्यावर दोन गाढवं पाठवा.

तुमचाच भाचा,
मोलेफी

ता. क. गाढवांबरोबर तुम्हीही या. बोलायचंय.

ता. क. २. लिनेओ नुसती बरी नाही, फारच बरी आहे. आमचं ठरलंय. बाबा गेल्यावर माझ्यासाठी बोलणारे मामा तुम्हीच. जानेवारीत माफेटेंगला जाऊन लग्नासाठी लिनेओच्या घरच्यांना किती गाई द्यायच्या ते ठरवायचं आहे. बोलतील लिनेओचे मामा. पण मावशी मागे बसणार; मामांचे नुसते ओठ हलतील, शब्द मावशींचे.

ता. क. ३. पत्र लिनेओला वाचून दाखवलं. वाचत ट्रकच्या गोष्टीपाशी आलो तेव्हा तिने विचारलं, "आईला गाई किती सांगितल्यास?" मी म्हटलं, सातही, गाभण धरून. ती म्हणाली, "मग मामांना बोलायला कशाला बोलावतोस? हाकायला बोलाव."