सात दिवसांवर पसरलेला दादा

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. पाठ कशी आहे? बसून बसून दुखते, असं वहिनी म्हणाली. दुखणारच. एवढा तक्ता उभ्याने थोडाच होतो.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर थेंब घालायला कोणत्या दिवशी कोण जाणार, हे ज्याचं त्याला लिहिता यावं म्हणून तू घरच्यांसाठी वेबपान काढलंस, इथवर ठीक होतं. पण त्यावर तू तक्ता मांडलास. वर सात वार, खाली नावं, तीन रंग (आमच्या ऑफिसच्या वार्षिक अहवालातही एवढी शोभा नसते). बाहेरून देखणा, ‘बदल करा’ दाबलं की आत नुसतं उभ्या रेघांचं रान, दोन वारांच्या मध्ये एकेक. मावशीने मंगळवारी स्वतःचं नाव घालताना त्यातली एक रेघ पुसली. (तिला ती धूळ वाटली. आधी चष्मा पुसला, मग फोनचा पडदा, मग रेघ.) झालं. बुधवारचे काका मंगळवारात शिरले आणि पुढची सगळी नावं एकेक घर अलीकडे सरकली. मंगळवारी बाटली कुणी धरायची यावर मावशी-काकांची जुंपली. मी रविवारची, पण तक्त्यावर विश्वास ठेवून शनिवारीच जाऊन आले. रविवारी आई केस विंचरून दुपारपर्यंत दाराशी बसली. मग फोन केला, “आज कुणाचीच पाळी नाही का गं?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं.

मी त्याच दिवशी तक्ता काढून टाकला. आता साधी यादी आहे: दर ओळीला आधी एक चांदणी (*), मग वार, नाव. एकाची ओळ बिघडली तरी दुसऱ्याची शाबूत. मावशीलाही जमते. ‘किराणा यादीसारखं दिसतं,’ हा तुझा अभिप्राय पोचला. किराणा वेळेवर येतो, दादा.

तुझी,
धाकटी

ता. क. तक्त्यात सातही दिवसांची घरं जोडून तू खाली ‘देखरेख – दादा’ लिहिलं होतंस. यादीत ते बसेना. तिथे प्रत्येक नावाला एक वार लागतो.

ता. क. २. काका आता मंगळवारीच जाणार म्हणतात (भांडण अर्धं राहिलंय), म्हणून मी बुधवार घेतला. रविवारच्या ओळीत आता कुणाचंच नाव नाही. आई रोज माझ्याकडून यादी वाचून घेते. काल म्हणाली, “तो कामात असेल. तिथे माझंच नाव लिही, मी घालीन माझे थेंब.” मी अजून लिहिलेलं नाही. ‘बदल करा’ कुठे आहे, ते तुला ठाऊकच आहे.