मृदुलाची ओटी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजही मृदुलाला आत घेतलं नाही! आठवडाभर ती माहेरच्या दारात उभी आणि आई खिडकीत. तीनदा चेहरा जवळ, तीनदा ढगांचा गडगडाट, की संपला भाग. लेखकाला धरून जाब विचारावासा वाटतो. तरी मालिका सोडणार नाही. मृदुलाचं काम करणारी मुलगी उगाच गळा काढत नाही, डोळ्यांनी बोलते.

सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "कसली आई ही! पोरीनं मनासारखं लगीन केलं म्हणून काय झालं? दगूड हाय दगूड!" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. यांना ‘अव्वा’ म्हणणारी यांची पोटची लेक भुवनेश्वरी! तिने तेलुगू विणकराच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून या घरात तिचं नाव काढायचं नाही. राहते कुठे, तर जुळे सोलापुरात. आमच्या भवानी पेठेतून रिक्षाने कितीसं लांब?

५ फेब्रुवारी
मालिकेच्या ग्रुपवर आईचं काम करणाऱ्या बाईंना लोकांनी नको नको ते लिहिलंय. "तुझं कधी भलं होणार नाही" — अहो, त्या पोटासाठी काम करतात! मी तसं लिहिलं, तर मलाच "ताई, तुम्हाला काळीज नाही." आम्ही प्रेक्षक वाईट नाही. पण राग काढायला परकं माणूस मिळालं की आम्हाला फार बरं वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार
साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला मृदुला आली होती, म्हणजे ती नटी. सासूबाईंना घेऊन गेले. ही गर्दी! सगळ्यांचे मोबाईल वर, डोळ्यांनी कोणी बघतच नव्हतं.

सासूबाई रेटारेटी करत पुढे गेल्या. पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले. मला पत्ताच नव्हता! "माहेराला आलीस की ग. मोकळ्या ओटीनं जायाचं न्हाय लेकीनं." नटीने पदर पुढे केला. तिचेही डोळे भरले, खोटे नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मान वर करवेना.

१० फेब्रुवारी
तो व्हिडिओ सगळीकडे. "सोलापूरची माऊली" म्हणे.

दुपारी भुवनाचा फोन. "वहिनी, सातवा लागलाय मला. माझी ओटी कोण भरणार?" तिला सातवा लागल्याचं मला आज कळतंय! अधूनमधून बोलतो आम्ही, पण हे तिने सांगितलं नव्हतं. पुढे म्हणाली, "मीपण रोज बघायचे ती मालिका. वाटायचं, अव्वा पण आत्ता हेच बघत असेल. आता नाही बघणार."

फोन ठेवल्यावर खूप रडले.

११ फेब्रुवारी
शेजारच्या बायका सासूबाईंचं कौतुक करून गेल्या. त्या गेल्यावर मी भुवनाचं सांगून टाकलं. सातव्याचंही.

"ती येगळी," सासूबाई म्हणाल्या. "ही मृदुला बिचारी कुटं जाईल?"

माझा तोल गेला. "ती नटी आपल्या घरी जाते, सासूबाई! तिची खरी आई आहे, ओटी भरायला. तुमच्या भुवनाला कोण आहे?"

जेवल्या नाहीत. हे चिंचोळीच्या कारखान्यातून ड्यूटी करून आले ते माझ्यावरच — "अव्वाला कशाला छळतेस?" म्हटलं, तुम्हीही भाऊच ना तिचे?

१२ फेब्रुवारी
मृदुलाला आज घरात घेतलं. आईने मिठी मारली. ग्रुपवर नुसता जल्लोष! किती वाट बघितली होती मी या भागाची. सासूबाई मध्येच उठून आत गेल्या. मी एकटीने शेवटपर्यंत पाहिलं, आणि काहीच वाटलं नाही.

१३ फेब्रुवारी
सकाळपासून सासूबाई घरात नाहीत. कोणाला सांगून गेल्या नाहीत. हे देवळात शोधायला गेले, मी गल्लीत.

आत्ता भुवनाचा फोन आला. दबक्या आवाजात — "वहिनी, अव्वा आलीय. नुसती बसलीय, बोलत काहीच नाही. तिला चहात साखर चालते का अजून?"