अंगणातलं पाल

पारधी वस्ती, अक्कलकोट रस्ता
ता. २० नोव्हेंबर २०२३

चि. वैजयंतीस वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि., आम्ही सगळे ठीक, तूही ठीक असशील असं धरून लिहिते.

साक्षरता वर्गाच्या बाईंनी सांगितलंय, लिहायला शिकलात तर कुणाला तरी पत्र धाडा. मला नणंद एकच, म्हणून त्रास तुलाच. फोन तुझ्या दादांच्या खिशात, आणि त्यावर बोललेलं अख्ख्या वस्तीला ऐकू जातं. हे पत्र मी एकटीनं लिहिलंय, लेकीला, अंकिताला, फक्त दोन जोडाक्षरं विचारली.

आठवड्यापूर्वी घरकुलात राहायला आलो. नर्सची ड्युटी सांभाळून तू तीन वर्षं हेलपाटे घातलेस, त्याचं हे घर. दारावरच्या पाटीवर तुझ्या दादांच्या आधी माझं नाव आहे. त्यांना वाचता येत नाही, तरी कुणीतरी सांगितलंय वाटतं, कारण जाता-येता पाटीकडे बघतात.

एकच अडचण आहे. आत्याबाई, तुझी आई, आत येत नाहीत. अंगणात जुनं पाल ठोकून राहिल्यात. जिथं माणूस गेलं तिथं आपल्यात कुणी राहत नाही, हे तुला सांगायला नको. माझं बाळ गेलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी आपण पाल उचललं आणि अंकिताची शाळा दोन वर्षं सुटली. आत्याबाईंचं एकच म्हणणं, माझं आता लई दिवस न्हाईत, मी आत मेले तर तुमाला ह्ये घर सोडावं लागंल की. तुझ्या दादांना विचारलं, तर तेही म्हणाले की तसं झालं तर आपण इथं राहायचं नाही, मग भिंती विटांच्या असल्या तरी. आता तूच काय ते सांग. थंडी वाढायला लागली आहे, आणि त्यांचा खोकलाही.

आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.
तुझी वहिनी
बजाबाई


सोलापूर
ता. ६ डिसेंबर २०२३

ती. सौ. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांना दाखवलं. आमच्या डॉक्टरांपेक्षा तुमचं अक्षर चांगलं आहे, हे मी त्यांच्यासमोरच बोलले.

आईचं वाचून मात्र राग आला. मी इथं रोज परक्यांच्या म्हाताऱ्या आयांना पांघरूण घालते, आणि माझी आई खोकत उघड्यावर निजते. ते घर मी आधी तिच्यासाठीच मागितलं होतं. मरणाचं म्हणाल, तर आमच्याकडे सकाळी ज्या खाटेवर माणूस जातं, त्याच खाटेवर संध्याकाळी दुसरं माणूस बरं होत असतं. दादाला सांगा, तिला उचलून आत ने, माझी शपथ आहे. अंकिताला गोड पापा. तुमच्या शेळ्यांची नावं पुढच्या पत्रात कळवा.

लोभ करता तो पुरेसा आहे, थोडा आईच्या वाटणीचा जास्त करा.
तुमची
वैजयंती


पारधी वस्ती
ता. २९ डिसेंबर २०२३

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या शपथेपुढे कुणाचं चाललं नाही. तुझ्या दादांनी आत्याबाईंना उचलून आत आणलं. म्हणाले, आय कडब्याच्या पेंडीएवढी झालीय. त्या रडल्या नाहीत की शिव्या दिल्या नाहीत. अंथरूण तेवढं दाराशी घालायला लावलं आणि दिवसभर पालाकडे बघत पडून असतात. औषध घेतात, पण भाकरी अर्धीही संपत नाही. रोज सकाळी मला बाहेर ठेवा म्हणतात. मला बघवत नाही. बाहेर न्यायचं का, तेवढं लगेच कळव.

तुझी वहिनी
बजाबाई


सोलापूर
ता. ३ जानेवारी २०२४

वहिनी, सा. न.

नेऊ नका. छातीत कफ आहे, गारठ्यात ती टिकणार नाही. मी संक्रांतीला दोन दिवस रजा काढून येते आणि तिची समजूत घालते. तोवर दम धरा.

वैजयंती


पारधी वस्ती
ता. १२ फेब्रुवारी २०२४

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी आत्याबाई गेल्या, तेव्हा तू आलीस. तेरावं होईपर्यंत इथं होतीस, पण एकटी सापडली नाहीस. म्हणून लिहिते. अंकिता शाळेत आहे, पत्र मी स्वतः टपालात टाकणार आहे.

तुझ्या दादांना, वस्तीला आणि तुलाही मी सांगितलं की आत्याबाई आपल्या पायांनी पालात गेल्या आणि तिथंच त्यांचा जीव गेला. ते खोटं आहे. दुपारी शेळ्या बांधून आले तेव्हा त्या दाराच्या आत पडल्या होत्या. एक हात उंबऱ्यावर होता. अंग गार झालं होतं. बाहेर जायलाच निघाल्या असतील, पण पोचल्या नाहीत.

मी आधी रडले नाही. आधी बाहेर कुणी आहे का बघितलं. मग काखेत हात घालून त्यांना ओढत पालात नेलं आणि पांघरूण घातलं. अंगणात रेघ उठली होती, ती खराट्यानं पुसली. मग तुझ्या दादांना हाक मारली.

तुझ्या दादांनी पाल जाळलं आणि आता ते निवांत आत झोपतात. येईल त्याला सांगतात की आईनं आमचं घर राखलं. अंकिताची शाळा चालू आहे. मी मात्र तो उंबरा दिवसातून दहा वेळा ओलांडते, आणि दर वेळी त्यांचा हात होता ती जागा चुकवून पाय टाकते. जिनं मला चूल शिकवली तिला मी पोत्यासारखं ओढलं. पाप केलं का, ते कळत नाही. तू खरं ते दादांना सांगायचं म्हणालीस तर मी अडवणार नाही. आईला आत आणल्याचं वैजयंतीच्या मनात सलतं का, असं ते मला रोज विचारतात. तुझं पत्र अंकिता त्यांना वाचून दाखवते, एवढं ध्यानात ठेव.

माया असू दे, मागायला तोंड नाही तरी.
बजाबाई


सोलापूर
ता. १८ फेब्रुवारी २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि., हे पत्र अंकितानं मोठ्यानं वाचावं आणि वहिनींनीही जवळ बसावं.

वहिनींचं पत्र मिळालं. शेळ्यांची खुशाली कळली.

दादा, सलतं. तिला नको असताना मी आत न्यायला लावलं. ती रोज बाहेर ठेवा म्हणत होती आणि मी इथून दम धरा लिहीत होते. शेवटचे दिवस मी तिच्या मनाविरुद्ध घालवायला लावले, आणि हे मी जन्मभर विसरणार नाही. तू फक्त माझी शपथ पाळलीस, तुझा दोष नाही.

तिनं मात्र माझं ऐकलं नाही, ते बरं केलं. ती अंगणातच गेली. कुणी काही शंका काढली तर माझं नाव सांग. तिला आंघोळ मी घातली. तिच्या टाचा मातीनं भरल्या होत्या, धुता धुता मला वेळ लागला. चालत गेल्याशिवाय एवढी माती लागत नाही. तेव्हा घर सोडायचं कधी मनात आणू नकोस.

वहिनी, तुम्ही आईचं जे जे केलंत ते सगळं मला ठाऊक आहे. आधी होता त्याहून लोभ वाढला आहे, तो नाही म्हणू नका.

तुमची
वैजयंती