आकांगचं आयुष्य

माडोउ, रविवार

ती. थियानसू दादांच्या सेवेशी बूनहिओंगचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा तो कागदावरच गोड मानून घ्यावा). तुमची कंबर कशी आहे? पपनसांची पेटी पोचली असेलच. वरची दोन किडकी निघाली तर तो दोष बागेचा, माझा नव्हे. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

आता आकांगविषयी. त्या वर्षी देवळाच्या मिरवणुकीत तो गोमेच्या आकाराचा लांबलचक रथ गुडघे टेकलेल्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, इडापिडा टळली, आणि त्याच आठवड्यात तुम्ही डोंगरातून वीतभर जिवंत गोम डब्यात घालून बहिणीला, सुकहुनला, भेट दिलीत. (लोक बहिणीला चहा देतात.) तिने गोमेचं नाव ठेवलं आकांग. काचेची पेटी विकणारा दुकानदार म्हणाला, पाळलेली गोम चार-पाच वर्षं जगते. मी मनात म्हटलं, काढू तेवढी. दादा, नववं चाललं आहे! एवढ्यात आमचे दोन फ्रिज गेले, जावई गेला (म्हणजे कॅनडाला), आणि ही आपली काचेच्या पेटीत ओल्या मातीखाली मजेत. आठवड्याला एक झुरळ आणि झाकणभर पाणी, बस्स. मी तीन वेळा जेवून जिन्यात धापा टाकतो. प्राण्यांच्या डॉक्टरने भिंग लावून तिला पाहिलं आणि वय दोनदा विचारून घेतलं.

पण हेच तिचं आयुष्य आमच्या मुळावर आलं. सुकहुनच्या हृदयाची झडप निकामी झाली आहे. ऑपरेशन केलं नाही तर वर्ष निघणं कठीण, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुमची बहीण म्हणते, "आकांग आहे तोवर मला काही होत नाही. ती गेली की मीही जाईन. सुरी लावायची तर तुमच्या छातीला लावा, नाहीतरी आत काही नाही!" मी हात जोडले, मुलीने फोनवर रडून पाहिलं, शेजारच्या काकूंनी देवळात कौल लावला. उपयोग शून्य.

आणि गेल्या महिन्यात आकांगने खाणं टाकलं. फिकी पडली, हलेना. सुकहुननेही अंथरूण धरलं आणि शेवटच्या प्रवासासाठी शिवून ठेवलेले कपडे मला इस्त्री करायला दिले. मी केली. (डोळे भरलेले, त्यामुळे एक बाही जळली. त्या बाहीपायी सुकहुन अंथरुणातून उठून ओरडली, एवढाच फायदा.)

मग एका सकाळी सुकहुनची हाक आली, "अहो, धावा!" दादा, इतक्या वर्षांत मी त्या पेटीच्या तीन हातांच्या आत गेलो नव्हतो. त्या दिवशी काचेला नाक लावून बसलो. आकांगची डोक्यामागे कातडी फाटली होती आणि त्यातून ती बाहेर येत होती, एकेक पाय सावकाश सोडवत, जसा मोज्यातून काढावा. चाळीसच्या वर पाय, एकही विसरली नाही! लाल, ओली, नवी कोरी. आम्ही दोघं चहा विसरून बसलो. मला खरंच हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले. संध्याकाळी तिने ती कातही खाऊन टाकली.

सुकहुन म्हणाली, "ही या वयात सगळं अंग सोलून घेते, आणि मी एका चिरेला घाबरते? लावा डॉक्टरांना फोन."

येत्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बूनहिओंग

ता. क. – सुकहुनची एक अट आहे. ती दवाखान्यात असताना आकांगला तुम्हीच सांभाळायचं. माझ्यावर विश्वास नाही. तरी बुधवारपर्यंत यावं.

दुसरा ता. क. – आज सकाळी पेटी उघडली, तर आकांग गेलेली. मी मातीने झाकली आहे. येताना तेवढीच, पिवळ्या पायांची, डब्यातून आणा. सुकहुनला कळलं तर ती गाडीत पाय ठेवणार नाही. दादा, मी पाया पडतो.

तिसरा ता. क. – दादा, मी सुकहुन. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, यावरून यांची हुशारी ओळख. यांच्या आधी पेटी मी उघडली होती. गोम आणू नकोस. मी गुरुवारी जाणारच. तू मात्र नक्की ये. मला आत नेतील तेव्हा हे बाहेरच्या बाकावर एकटे बसू शकणार नाहीत. आणि मला कळलंय हे यांना सांगू नकोस, बिचारे आज दिवसभर माझ्यापुढे हसताहेत.