हलली ती जमीन, हात नव्हे

प्रति,
मा. भूकंपमापन अधिकारी,
टेकडीवरील कार्यालय.

विषय : हादरे मोजण्याचे यंत्र खालच्या आळीत परत बसवून अर्जदाराचा हात निर्दोष ठरविणेबाबत.

संदर्भ : 'शहरात जाणवण्याजोगा धक्का बसलेला नाही' हा आपल्या फलकावरील खुलासा.

महोदय,

१. अर्जदार खालच्या आळीत दाढी-कटिंगचे दुकान चालवितो. गेल्या मंगळवारी शाळेचे हेडमास्तर खुर्चीत मान टाकून बसले असता धक्का बसला. आरसा भिंतीवर आपटला, बाटल्या खाली आल्या आणि हेडमास्तरांची डावी मिशी गेली. अर्जदाराने तत्काळ माफी मागून उजवीही काढून देण्याची तयारी दाखविली. त्यावर ते जे बोलले ते सरकारी कागदावर लिहिण्याजोगे नाही.

२. हेडमास्तर तडक वर जाऊन आपला फलक वाचून आले. धक्का नाही, म्हणजे न्हाव्याचाच हात थरथरतो, असा निकाल त्यांनी गावभर केला. तेव्हापासून अर्जदार दुकानात माश्या मारीत बसला आहे.

३. आमची आळी जुन्या तळ्यात भराव टाकून वसली, आपले कार्यालय कातळावर. यंत्र आळीत बसवायला आलेल्या भूगर्भतज्ज्ञ बाईंनी सगळ्यांना समजावले होते, की पातेल्याला टिचकी मारली तर पातेले गप्प राहते, आतले पाणी मात्र हिंदकळते. तसाच एकच धक्का वर कळणारही नाही आणि खाली भांडी पाडील. बाई गेल्या आणि आपल्या कर्मचाऱ्यांनी यंत्र उचलून वर नेले. कारण विचारता, "इथे सारखे हलते हो, बिघडेल ना!" असे उत्तर मिळाले. आता ते आपल्या व्हरांड्यात सुखाने आहे. साहेब, हलणे हेच त्याचे काम नव्हे काय?

४. शनिवारी दुसरा धक्का बसला, तेव्हा अर्जदार आपल्याच कार्यालयात मोठ्या कारकुनांची दाढी करीत होता. गालावर ओरखडासुद्धा नाही! खाली त्याच वेळी सौभाग्यवतीच्या फडताळातील कपबश्या फुटल्या. घरी गेल्यावर हे कळताच अर्जदार आनंदाने धावत परत वर आला, तर कारकूनसाहेब म्हणाले, "कसला धक्का? धक्का असता तर माझा गाल राहिला असता का?"

५. मेहुणा म्हणतो, वय झाले, दुकान विका. सौभाग्यवती हल्ली रोज जेवण झाल्यावर अर्जदाराचा हात हातात घेऊन बसते. असे लाड लग्नानंतरसुद्धा झाले नव्हते, त्यामुळे अर्जदार आधी खूश होता. मग लक्षात आले, हात थरथरतो का ते ती बघते आहे. महोदय, हे मनाला फार लागले.

तरी यंत्र खाली आणावे, हलले तर हलू द्यावे, आणि फलकावर 'खालच्या आळीत धक्का बसला' एवढी एक ओळ लिहावी. मिशीचे काय ते हेडमास्तर आणि अर्जदार बघून घेतील.

वस्तरा बाजूला ठेवून हात जोडणारा,
आपला नम्र,
(सही)
खालच्या आळीतील न्हावी
दिनांक : १७ फेब्रुवारी

ता. क. : सही वाकडी आली आहे. त्या वेळी जमीन हललेली नव्हती. कृपया लवकर करावे.